सगळे अधिकार हाती असलेला आयोग : अमृतसरच्या बेवारस चितांचे प्रकरण

दहशतवादाच्या काळात पंजाबातल्या नगरपालिकांच्या स्मशानभूमीत पोलीस एखादा मृतदेह घेऊन आले की दोन ठिकाणी नोंद होत असे. एक मृतदेहाची : तारीख, आणणारे पोलीस ठाणे, आणि पुढे ‘बेवारस’. दुसरी सरणाला दिलेल्या लाकडांची, कारण तो खर्च सार्वजनिक तिजोरीतून जायचा. अमृतसरमधल्या एका सहकारी बँकेत काम करणारे जसवंतसिंग खालरा यांनी या नोंदी शोधून काढल्या. ते अकाली दलाच्या मानवी हक्क शाखेचे सरचिटणीसही होते. पोलिसांनी घरातून उचलून नेलेली आणि परत न आलेली माणसे ते शोधत होते. ठाण्यात चौकशी केली की तुमचा मुलगा परदेशात पळाला असेल, असे उत्तर मिळायचे. खालरांनी ठाण्याचा नाद सोडला आणि स्मशानाच्या नोंदवह्या उघडल्या. जानेवारी १९९५मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने पत्रक काढून सांगितले की अमृतसर जिल्ह्यातल्या पट्टी, तरणतारण आणि दुर्ग्याणा मंदिर या तीन स्मशानांत पोलिसांनी दहा वर्षांत हजारो मृतदेह बेवारस म्हणून जाळले आहेत.

उच्च न्यायालयाने त्यांची याचिका ऐकून घेतली नाही. अशी तक्रार करण्याचा तुम्हाला अधिकार नाही, म्हणून ती फेटाळली गेली. मग प्रकरण दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान ६ सप्टेंबर १९९५ रोजी सकाळी खालरांना अमृतसरमधल्या त्यांच्या घराबाहेरून पोलिसांनी उचलले. ते पुन्हा दिसले नाहीत. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीचे अध्यक्ष गुरुचरणसिंग तोहरा यांनी पाठवलेली तार सर्वोच्च न्यायालयाने हेबियस कॉर्पस याचिका (ताब्यातल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी) म्हणून स्वीकारली. खालरांच्या पत्नी परमजीत कौर यांनीही याचिका केली. १५ नोव्हेंबर १९९५ रोजी न्यायालयाने सीबीआयला दोन तपास सोपवले : खालरांचे काय झाले, आणि खालरा जे सांगत होते ते खरे आहे का.

ते खरे होते. जुलै १९९६पर्यंत एकट्या तरणतारणच्या स्मशानात ९८४ मृतदेह सापडले, म्हणजे नोंदवहीत सापडले. डिसेंबर १९९६च्या अहवालात तिन्ही स्मशानांचा आकडा आला : २,०९७. त्यांतल्या ५८५ जणांची ओळख पूर्ण पटलेली होती, २७४ जणांची अर्धवट, आणि १,२३८ जण अनोळखी. यातला पहिला आकडा मला सगळ्यात भयंकर वाटतो. ज्यांचे नाव, बापाचे नाव, गाव हे सगळे सापडू शकत होते, अशा ५८५ माणसांना वारस नाही असे ठरवून जाळले होते. घरी आईबाप जिवंत असताना.

हे प्रकरण इथे मांडण्यामागे माझा एक ठराविक हेतू आहे. कोठडीतल्या अत्याचारांच्या तक्रारी हाताळणारी सरकारी मंडळे स्वतंत्र का नसतात, असे विचारले की आपण लगेच कायद्याकडे बोट दाखवतो. अधिकार नाहीत, शिफारशी बंधनकारक नाहीत, वर्षाच्या मुदतीची अट आहे, असे म्हणतो. पंजाबच्या प्रकरणात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढचे हे सगळे अडथळे सर्वोच्च न्यायालयाने स्वतः दूर केले. आयोगाला आजवर एवढे अधिकार दुसऱ्या कुठल्याही प्रकरणात मिळालेले नाहीत. तरीही पुढच्या १५ वर्षांत जे झाले ते झाले. म्हणून स्वातंत्र्याचा प्रश्न नेमका कुठे असतो हे बघायला याहून चांगले प्रकरण मला माहीत नाही.

एकवीस महिने : तुम्हाला अधिकार आहे का?

१२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीपसिंग आणि न्यायमूर्ती एस. सगीर अहमद यांच्या पीठाने सीबीआयचा अहवाल वाचून म्हटले की यातून मानवी हक्कांचे मोठ्या प्रमाणावर, उघडउघड उल्लंघन दिसते. त्यांनी कामाची वाटणी केली. कोण दोषी, याचा फौजदारी तपास सीबीआयने करायचा. बाकी सगळे प्रश्न आयोगाने कायद्याप्रमाणे तपासून निकालात काढायचे, आणि आयोग जी भरपाई ठरवेल ती बंधनकारक असेल. अहवाल मात्र तपास चालू असल्याने जाहीर करायचा नाही, असेही ठरले. म्हणजे ज्यांची माणसे गेली त्यांनाच यादी पाहायला मिळेना.

आयोग तेव्हा तीन वर्षांचा होता. १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने तो स्थापन झाला. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा. १९८४च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या चौकशीचे कामही त्यांच्याकडेच होते. (ते पुढे १९९८मध्ये काँग्रेसकडून राज्यसभेवर गेले. निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये, असे आयोगाच्या कायद्यात आहे, पण खासदारकी त्या व्याख्येत बसत नाही. पंजाबातल्या एखाद्या विधवेला हा भेद कसा समजावून सांगायचा?) प्रकरण आयोगाकडे आले तेव्हा अध्यक्ष होते न्यायमूर्ती एम. एन. वेंकटचलय्या.

सुनावणी सुरू होताच केंद्र सरकारने हरकत घेतली. कायद्याचे कलम ३६(२) सांगते की घटनेला एक वर्ष होऊन गेले असेल तर आयोगाने चौकशी करू नये. इथे तर १९८४पासूनच्या गोष्टी आहेत. शिवाय आयोग फक्त शिफारस करू शकतो. आयोगाने ४ ऑगस्ट १९९७ रोजी उत्तर दिले, आणि ते ठाम होते : या प्रकरणात आम्ही आमच्या कायद्याने नव्हे, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने काम करतो आहोत, या कामापुरते आम्ही आपल्या जातीचे एकमेव मंडळ आहोत, नेहमीच्या मर्यादा आम्हाला लागू नाहीत. सरकार पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. १० सप्टेंबर १९९८ रोजी न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली.

यात एकवीस महिने गेले. हरकत घेणारे कोण होते, तेही लक्षात घ्यायला हवे. आयोगाचा पैसा केंद्राच्या अनुदानातून येतो, त्याचा प्रशासकीय संबंध केंद्रीय गृह मंत्रालयाशी येतो, आणि त्याचे तपास कर्मचारीही केंद्रच पुरवते. तेच केंद्र आता समोर प्रतिवादी म्हणून उभे होते. तरी आयोग वाकला नाही. इथवरचा आयोग अभिमान वाटावा असाच आहे.

सर्व अधिकार मिळाल्यावर

मग जानेवारी १९९९मध्ये आयोगाने स्वतःच कामाची हद्द आखून घेतली. याचिकाकर्ते म्हणत होते, बेवारस अंत्यसंस्कार फक्त अमृतसर जिल्ह्यात झाले असे मानायला आधार काय? पोलीस तेच, पद्धत तीच, काळ तोच. सगळ्या पंजाबची चौकशी करा. आयोगाने नकार दिला : आपल्याकडे सीबीआयच्या यादीतली तीन स्मशाने सोपवली आहेत, तेवढीच बघू. याचिकाकर्ते परत सर्वोच्च न्यायालयात गेले, पण न्यायालयाने त्यात हात घातला नाही.

न्यायालयाचे आदेश अरुंद अर्थानेही वाचता येतात, हे मला मान्य आहे. पण चार महिन्यांपूर्वीच न्यायालयाने आयोगाला मर्यादा नाहीत असे सांगितले होते, आणि आयोगाने त्याचा पहिला उपयोग मर्यादा घालून घ्यायला केला. फिरोजपूर, गुरदासपूर, होशियारपूर, लुधियाना इथल्या कुटुंबांसाठी हे प्रकरण सुरू होण्याआधीच संपले.

अमृतसरच्या कुटुंबांसाठी जाहीर सूचना निघाली, दावे मागवले गेले. आले किती? ८८. सूचनेपर्यंत पोहोचायला वर्तमानपत्र वाचावे लागते, दावा करायला आपला माणूस त्या यादीत आहे हे माहीत असावे लागते, आणि यादी तर गुप्त. त्यात ज्या पोलिसांविरुद्ध दावा करायचा ते गावच्या ठाण्यातच बसलेले. २०००मध्ये पंजाब सरकारने ८८पैकी १८ प्रकरणांत प्रत्येकी एक लाख रुपये द्यायची तयारी दाखवली. चूक मान्य करायची नाही, वस्तुस्थितीत शिरायचे नाही, पैसे घ्या आणि विषय मिटवा. आयोगाने याला संमती दिली. कुटुंबांनी पैसे नाकारले.

या नकाराबद्दल फार कमी लिहिले गेले आहे. ती शेतकऱ्यांची, मजुरांची घरे होती. कमावता मुलगा किंवा नवरा गेलेला, खटल्याच्या फेऱ्यांत पैसा संपलेला. त्या काळात एक लाख ही त्यांच्यासाठी लहान रक्कम नव्हती. आपले माणूस कसे मेले हे कुणीतरी अधिकृतपणे सांगावे, एवढेच त्यांना हवे होते. ते सांगायची तयारी आयोगाकडे नव्हती.

पुढचा मोठा आदेश ११ नोव्हेंबर २००४चा, न्यायमूर्ती ए. एस. आनंद अध्यक्ष असतानाचा. त्यात १०९ जणांच्या वारसांना प्रत्येकी अडीच लाख रुपये मंजूर झाले. कायद्याच्या अंगाने आदेशात एक चांगले तत्त्व आहे : माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना मेला असेल तर त्याच्या जिवाची जबाबदारी राज्यावर असते, मृत्यू कसाही आलेला असो. ताबा कायदेशीर होता की बेकायदा, चकमक खरी की बनावट, यात शिरावे लागत नाही. कुटुंबाला दिलासा लवकर मिळावा म्हणून हे तत्त्व सोयीचे आहे.

पण हे १०९ जण ताब्यात होते हे ठरले कशावरून? पंजाब पोलिसांनी स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात तसे कबूल केले म्हणून. जिथे पोलिसांनी कबुली दिली तिथे ताबा सिद्ध. जिथे दिली नाही तिथे आई, बायको, शेजारी, सरपंच काही म्हणत असले तरी ताबा सिद्ध नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच जबाबावर तक्रारीचे वर्गीकरण झाले.

९ ऑक्टोबर २००६ रोजी, न्यायमूर्ती आनंद निवृत्त व्हायच्या महिन्यात, दुसरा वर्ग आला. ज्यांची ओळख पटली पण पोलिसांनी ताबा मान्य केला नाही असे १,०५१ जण. त्यांच्या वारसांना प्रत्येकी पावणेदोन लाख रुपये, आणि कारण असे : पंजाब पोलीस नियम, १९३४ प्रमाणे अनोळखी प्रेताची ओळख पटवण्यासाठी जे करायला हवे ते पोलिसांनी केले नाही, त्यामुळे मृतांच्या प्रतिष्ठेचा भंग झाला. म्हणजे दोष अंत्यसंस्काराच्या पद्धतीत निघाला. मृत्यू कसा झाला हा प्रश्न आयोगाच्या आदेशात नाहीच.

दोन वर्गांत फरक ७५ हजार रुपयांचा. एवढे जास्त पैसे ज्यांना मिळाले, त्यांना पोलिसांनी खरे सांगितले म्हणून मिळाले. ज्यांच्या माणसांबद्दल पोलीस गप्प राहिले, त्यांना कमी.

तोवर ओळख न पटलेल्या ८१४ मृतदेहांची ओळख पटवायला आयोगाने उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. भल्ला यांना अमृतसरला नेमले. त्यांचे काम ओळख पटवण्यापुरते. मृत्यूची कारणे, ताबा, जबाबदारी यांत जायचे नाही. घटनेला बारा-पंधरा वर्षे उलटल्यावर, छायाचित्रे नाहीत, अस्थी नाहीत, आणि आधाराला पुन्हा पोलिसांचेच दप्तर. एप्रिल २०१२मध्ये आयोगाने प्रकरण बंद केले तेव्हा हिशोब असा होता : १,५१३ जणांची ओळख पटली, त्यांतल्या १९५ जणांच्या वारसांना अडीच लाख, १,३१८ जणांच्या वारसांना पावणेदोन लाख, एकूण २७ कोटी ९४ लाख रुपये.

हा आकडा मी कमी लेखणार नाही. १,५१३ घरांना आपला माणूस कुठे जाळला गेला हे सरकारी कागदावर कळले. देशात बेपत्ता झालेल्या माणसांच्या कितीतरी कुटुंबांना तेवढेही मिळालेले नाही. पण पंधरा वर्षांत आयोगाने एकाही कुटुंबाला समोर बसवून, शपथेवर, तुमच्या घरी त्या दिवशी काय झाले असे विचारले नाही. एकही साक्ष नाही. २००५मध्ये डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय पथकाने १२७ कुटुंबांना भेटून, त्यांच्यावर झालेल्या मारहाणीचे आणि मानसिक आघाताचे परिणाम तपासून आयोगापुढे अहवाल ठेवला. आयोगाने तो स्वीकारला नाही.

ज्यांनी ऐकून घ्यायचे ठरवले

आयोग अधिकाराच्या वादात अडकला होता तेव्हा पंजाबातल्या मानवी हक्क कार्यकर्त्यांनी स्वतःचा लोकआयोग नेमला. त्यात तीन निवृत्त न्यायमूर्ती होते : डी. एस. तेवतिया, जसपालसिंग आणि मुंबई उच्च न्यायालयाचे होस्बेट सुरेश. न्यायमूर्ती सुरेश मराठी वाचकांना अनोळखी नाहीत. १९९२-९३च्या मुंबई दंगलींनंतर न्यायमूर्ती दाऊद यांच्यासह त्यांनी लोकांच्या वतीने चौकशी केली होती. ऑगस्ट १९९८मध्ये चंदीगडला लोकआयोगाची पहिली बैठक झाली, आणि कुटुंबे बोलायला आली. गावोगावची माणसे कागद, फोटो, तारांच्या पावत्या घेऊन आली. पुढे उच्च न्यायालयाने हा लोकआयोग बेकायदा ठरवला, कारण समांतर न्यायव्यवस्था चालवता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या निकालावर वाद घालता येईल. पण ज्या सरकारी आयोगाला ऐकण्याचे सगळे अधिकार होते तो ऐकत नव्हता, आणि जे ऐकत होते त्यांना अधिकार नव्हता, ही स्थिती पंजाबातल्या कुटुंबांनी एकाच वेळी पाहिली.

पुरावा मिळत नव्हता असेही नाही. खालरांच्या खुनाचा खटला बघा. प्रेत सापडले नव्हते. आरोपी पोलीस होते. ज्यांच्या हाताखाली हे सगळे घडल्याचा आरोप होता ते तरणतारणचे वरिष्ठ पोलीस अधीक्षक अजितसिंग संधू १९९७मध्ये मरण पावले. तरीही सीबीआयला एक विशेष पोलीस कर्मचारी साक्षीदार मिळाला, ज्याने खालरांना कोठडीत जिवंत पाहिले होते, त्यांना खाऊ घातले होते, आणि मृत्यूनंतर प्रेत हरिकेजवळच्या पाण्यात टाकल्याचे सांगितले. नोव्हेंबर २००५मध्ये पतियाळाच्या न्यायालयाने सहा पोलिसांना दोषी धरले, २००७मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या चौघांची शिक्षा वाढवून जन्मठेप केली, आणि २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. परमजीत कौर सोळा वर्षे प्रत्येक तारखेला लढत होत्या.

म्हणजे अमृतसर जिल्ह्यात १९९५मध्ये पोलीस कोठडीत काय चालत होते, हे एका माणसापुरते सर्वोच्च न्यायालयापर्यंत सिद्ध झाले. त्याच माणसाने दाखवून दिलेल्या दोन हजार मृतदेहांबद्दल मात्र, नियम पाळले नाहीत, एवढ्यावर आयोग थांबला.

तोच आयोग, गुजरातमध्ये

इथे कुणी म्हणेल की आयोगच दुबळा, दुसरे काय होणार. पण त्याच काळातले एक वेगळे उदाहरण आहे. मार्च २००२मध्ये दंगलींनंतर तेव्हाचे अध्यक्ष न्यायमूर्ती जे. एस. वर्मा स्वतः गुजरातला गेले, छावण्यांत लोकांना भेटले, आणि राज्य सरकारचा अहवाल समाधानकारक नाही असे स्पष्ट लिहिले. पुढच्या वर्षी वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी या दंगलीतल्या हत्याकांडातले सगळे आरोपी सुटल्यावर आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २००४मध्ये न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात चालवायचा आदेश दिला, तो मुंबईत चालला, आणि २००६मध्ये काही आरोपींना जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हा निर्णय न्यायमूर्ती आनंद अध्यक्ष असतानाचा आहे, म्हणजे पंजाबचे २००४ आणि २००६चे आदेश ज्यांच्या काळात निघाले त्यांच्याच कारकिर्दीतला.

कायदा तोच. कर्मचारी देणारे सरकार तेच. अध्यक्षही तेच. मग फरक कशाने पडला?

माझे उत्तर असे की गुजरातमध्ये आयोगाने सुरुवात बळी पडलेल्यांना भेटून केली, आणि पंजाबात सुरुवात पोलिसांच्या दप्तरापासून केली. एकदा दप्तर हाच मुख्य पुरावा ठरला की पुढचे सगळे दप्तर ठेवणाऱ्याच्या हातात जाते. आयोगाने पक्षपात करायचा ठरवला होता असे मला म्हणायचे नाही, आणि तसा पुरावाही नाही. निवृत्त न्यायमूर्ती दोन बाजूंची कागदपत्रे वाचून निकाल देतात, ही आयुष्यभराची सवय असते. पण इथे एका बाजूकडे सगळे दप्तर होते आणि दुसऱ्या बाजूकडे फक्त तोंडी सांगणे. ते ऐकलेच नाही तर तराजू आधीच कललेला असतो.

आणखी एक फरक काळाचा आहे. गुजरातची घटना ताजी होती, देशभरची वर्तमानपत्रे रोज लिहीत होती. पंजाबात २०००पर्यंत दहशतवाद संपला होता, आणि तो संपवणाऱ्या पोलिसांबद्दल देशाच्या मोठ्या भागात कृतज्ञता होती. दहशतवाद्यांनी बसमधून उतरवून मारलेल्या प्रवाशांची, पोलिसांच्या मारल्या गेलेल्या बायकामुलांची आठवण खरी होती, आणि ती दुखरी होती. अशा वातावरणात ‘तो विषय आता कशाला’ असे म्हणणारे फक्त सरकारी वकील नव्हते. तक्रार हाताळणारे मंडळ सरकारपासून स्वतंत्र असावे लागतेच. लोकांच्या मनातल्या नकोशा भावनेपासूनही त्याला स्वतंत्र राहावे लागते, आणि ते जास्त अवघड आहे.

नेमणूक आणि तपासणारे हात

अर्थात रचनेचा दोष नाही असे नाही. आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य निवडणाऱ्या समितीत पंतप्रधान, गृहमंत्री, लोकसभा अध्यक्ष, राज्यसभेचे उपसभापती आणि दोन्ही सभागृहांतले विरोधी पक्षनेते असतात. सहापैकी बहुतेक वेळा चार सत्तेच्या बाजूचे. कलम ११ प्रमाणे आयोगाचा महासचिव केंद्राच्या सचिव दर्जाचा अधिकारी असतो, आणि तपास विभागाचा प्रमुख पोलीस महासंचालक दर्जाचा. दोघेही केंद्राने दिलेले. कोठडीतल्या मृत्यूची तक्रार आली की ती तपासणारा पोलीसच, काही वर्षांनी पुन्हा पोलीस दलात परत जाणारा. महाराष्ट्राच्या राज्य आयोगाची स्थिती वेगळी नाही. कलम २७ प्रमाणे तिथे राज्य सरकार सचिव देते आणि पोलीस महानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याखाली तपास कर्मचारी देते. सैन्याविरुद्धच्या तक्रारीत तर कलम १९ प्रमाणे आयोग स्वतः तपासच करू शकत नाही, केंद्राकडून अहवाल मागवतो.

२००४मध्ये सीबीआयचे माजी संचालक पी. सी. शर्मा यांना आयोगाचे सदस्य नेमले तेव्हा हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. पोलीस अधिकारी मानवी हक्क आयोगाचा सदस्य होऊ शकतो का? दोन न्यायमूर्तींचे मत विभागले, आणि तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००५मध्ये नेमणूक वैध ठरवली. शर्मांच्या वैयक्तिक सचोटीबद्दल इथे काही म्हणायचे नाही. पण त्याच वेळी आयोग पंजाबच्या कुटुंबांना सांगत होता की दोषी कोण हे सीबीआय बघते आहे, आम्ही नाही. अमृतसरहून आलेल्या कुणाला हे दोन दरवाजे वेगळे वाटले असतील, असे मला वाटत नाही.

२०१९च्या दुरुस्तीने अध्यक्षपद फक्त माजी सरन्यायाधीशांपुरते राहिले नाही, सर्वोच्च न्यायालयाचा कुठलाही निवृत्त न्यायाधीश चालतो. मुदत पाच वर्षांवरून तीनवर आली, आणि फेरनेमणूक शक्य झाली. तीन वर्षांनी जो पुन्हा नेमला जाऊ शकतो त्याच्यापुढे नेमणाऱ्याविरुद्धची फाईल येते, तेव्हा काय होते हे सांगायला पुरावा लागत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांच्या जागतिक महासंघाने २०२३मध्ये आणि पुन्हा २०२४मध्ये भारतीय आयोगाचे मानांकन लांबणीवर टाकले, आणि त्यामागच्या आक्षेपांत पोलिसांनीच पोलिसांचा तपास करणे हा एक ठळक आक्षेप होता. पंजाबच्या प्रकरणातली दुखरी नस हीच होती. ती नव्याने दिसली एवढेच.

मोहालीतले खटले

१९९६च्या आदेशाचा दुसरा फाटा, सीबीआयचा फौजदारी तपास, अनेक वर्षे स्थगित्यांत रुतून राहिला. पोलिसांवर खटला भरण्याच्या मंजुरीचे वाद, अपिले, फाईल एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात. गेल्या काही वर्षांत मोहालीच्या विशेष सीबीआय न्यायालयात हे खटले एकामागून एक निकाली निघू लागले. ऑगस्ट २०२५मध्ये तरणतारणला १९९३मध्ये झालेल्या बनावट चकमकींत सात जणांना मारल्याबद्दल पाच माजी पोलीस अधिकाऱ्यांना जन्मठेप झाली, त्यांत एक माजी वरिष्ठ पोलीस अधीक्षक होते. खटला चालू असताना काही आरोपी आणि बरेच साक्षीदार वारले. तरी जे उरले त्यांच्या साक्षीवर शिक्षा झाली.

हे निकाल वाचताना आयोगाच्या २००६च्या आदेशाशी ताडून बघावेसे वाटते. बत्तीस वर्षांनंतरही साक्षी घेता येतात, जुळवता येतात, त्यांवर विश्वास ठेवता येतो, हे एका सत्र पातळीवरच्या न्यायालयाने दाखवले. आयोगाला तेच काम दहा वर्षांनंतर, साक्षीदार जिवंत असताना, पुराव्याच्या फौजदारी कसोटीपेक्षा कितीतरी सोप्या कसोटीवर करायचे होते.

कायदा बदलण्याच्या मागण्या जुन्या आहेत आणि त्या रास्त आहेत : आयोगाला स्वतःचे तपास कर्मचारी असावेत, पोलीस दलातून उसने नव्हेत, कलम ३६(२)ची वर्षाची अट कोठडीतल्या छळाला आणि बेपत्ता प्रकरणांना लागू नसावी, कलम १९ जावे, अध्यक्षाची फेरनेमणूक बंद व्हावी. यांतल्या प्रत्येकासाठी संसदेत जावे लागेल. एका गोष्टीसाठी मात्र जावे लागत नाही. कलम १०(२) प्रमाणे आयोग स्वतःची कार्यपद्धती स्वतः ठरवतो. कोठडीतल्या मृत्यूच्या किंवा छळाच्या प्रत्येक तक्रारीत पोलिसांचे प्रतिज्ञापत्र मागवण्याआधी तक्रारदाराची साक्ष प्रत्यक्ष नोंदवली जाईल, आणि ती फेटाळायची असेल तर कारण लिहावे लागेल, असा नियम राष्ट्रीय आयोग आणि मुंबईतला राज्य आयोग आपापल्या पुढच्या बैठकीत करू शकतात.